गाडी की गडी? आयर्टन सेन्नाने प्रत्येक पायरीवर दिलेलं उत्तर

धान कापून, मळून घरात आलं की झाडीपट्टीत शंकरपटाचे दिवस सुरू होतात. आरमोरी असो, वडसा असो की वैनगंगेपलीकडचं ब्रह्मपुरी, दिवसा पट आणि रात्री नाटक हा बेत ठरलेला. पटात जोडी सुटते, काही सेकंदांत सगळं संपतं आणि मग पानठेल्यावर खरी शर्यत सुरू होते. जिंकलं कोण? बैलजोडी की धुरकरी? ज्याच्या दावणीला महागडी जोडी त्याचाच नंबर, असं एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, तीच जोडी दुसऱ्याच्या हातात देऊन बघा, मग कळेल.

नेमका हाच वाद जगातल्या सगळ्यात महागड्या शर्यतीत, म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये गेली कित्येक वर्षं चालू आहे. गाडी जिंकते की ड्रायव्हर?

आणि हा वाद निघाला की एक नाव येतंच. आयर्टन सेन्ना. पिवळं हेल्मेट, त्यावर हिरवा-निळा पट्टा. त्याला जाऊन तीस वर्षांहून जास्त काळ झाला, तरी त्याच्या रील आजही फिरतात. २०१० मध्ये त्याच्यावर डॉक्युमेंटरी आली, २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर सिरीज आली. पण रीलमध्ये दिसतो तो फॉर्म्युला वनचा सेन्ना. तिथपर्यंत पोहोचायच्या आधी तो चार वेगवेगळ्या पायऱ्या चढून आला होता आणि त्याचं खरं पाणी तिथेच दिसलं होतं.

आधी ही शिडी समजून घेऊ

ज्या रेसिंग कारमध्ये फक्त एकाच माणसाची जागा असते आणि चाकं उघडी असतात, तिला सिंगल सीटर म्हणतात. फॉर्म्युला वन ही त्यातली सगळ्यात वरची पायरी. क्रिकेटमध्ये जसं गल्ली, जिल्हा, रणजी आणि मग भारतीय संघ, तसंच इथेही असतं. सेन्नाच्या काळात सुरुवात गो-कार्टने व्हायची. मग इंग्लंडला जाऊन फॉर्म्युला फोर्ड १६००, मग फॉर्म्युला फोर्ड २०००, मग फॉर्म्युला थ्री, आणि नशीब असेल तर फॉर्म्युला वन.

यात एक गंमत आहे. खालच्या पायऱ्यांवर गाड्या जवळपास सारख्या असतात. फॉर्म्युला फोर्ड १६०० मध्ये सगळ्यांना फोर्डचं १६०० सीसीचं इंजिन, गाडीला पंख नाहीत, टायर साधे. फॉर्म्युला फोर्ड २००० मध्ये इंजिन मोठं होतं, पंख येतात. फॉर्म्युला थ्रीमध्येही बहुतेक जण एक-दोन कंपन्यांच्याच गाड्या विकत घेतात. त्यामुळे पुढे कोण आणि मागे कोण, हे बऱ्याच अंशी ड्रायव्हरवर ठरतं.

फॉर्म्युला वनमध्ये मात्र प्रत्येक टीम आपली गाडी स्वतः बनवते. ज्याच्याकडे पैसा, इंजिनिअर आणि चांगलं इंजिन, त्याची गाडी पुढे. तिथे चांगला ड्रायव्हर वाईट गाडीत बसला की दहाव्या नंबरवर अडकतो आणि त्याची कुणी दखलही घेत नाही.

गवत कापायच्या मशीनचं इंजिन

सेन्नाचा जन्म २१ मार्च १९६० चा, ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरातला. पूर्ण नाव आयर्टन सेन्ना दा सिल्वा. वडील मिल्टन दा सिल्वा यांचा कारखाना होता, शेतजमीन होती. घरात पैशाची ददात नव्हती. आयर्टन चार वर्षांचा असताना वडिलांनी त्याला एक छोटी कार्ट बनवून दिली. इंजिन होतं गवत कापायच्या मशीनचं, ताकद एक हॉर्सपॉवर.

तेव्हा ब्राझीलमध्ये तेरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय कार्टच्या शर्यतीत उतरता येत नव्हतं. तो तेरा वर्षांचा झाला आणि १९७३ मध्ये इंटरलागोसच्या ट्रॅकवर पहिल्या शर्यतीत उतरला. सुरुवातीच्या दिवसांत पावसातल्या एका शर्यतीत तो सपाटून हरला. त्यानंतर पाऊस आला की बाकीची पोरं घरी जायची आणि हा कार्ट घेऊन ट्रॅकवर यायचा, असं सांगितलं जातं. पुढे अख्ख्या जगाने त्याला पावसाचा राजा म्हटलं, त्याची तयारी ही अशी झाली होती.

१९७७ मध्ये तो दक्षिण अमेरिकेचा कार्टिंग विजेता झाला. पुढच्या वर्षी थेट इटली. मिलानच्या डीएपी या कार्ट कंपनीच्या टीमकडून तो जागतिक स्पर्धेत उतरला. १९७९ मध्ये दुसरा, १९८० मध्येही दुसरा. फॉर्म्युला वनमध्ये तीन वेळा विश्वविजेता झालेल्या या माणसाला कार्टिंगचं विश्वविजेतेपद कधीच मिळालं नाही.

त्याच टीममध्ये टेरी फुलर्टन नावाचा एक अनुभवी इंग्लिश ड्रायव्हर होता. पुढे १९९३ मध्ये, सगळं काही जिंकून झाल्यावर, सेन्नाला विचारलं गेलं की आजवर कुणाशी शर्यत करताना सगळ्यात जास्त समाधान मिळालं. त्याने प्रॉस्टचं नाव घेतलं नाही, मॅन्सेलचंही नाही. त्याने फुलर्टनचं नाव घेतलं. कार्टिंगमध्ये पैसा नव्हता, राजकारण नव्हतं, निव्वळ चालवणं होतं, म्हणून.

इंग्लंडमधली थंडी आणि पहिला राजीनामा

१९८१ मध्ये सेन्ना इंग्लंडला आला. वय एकवीस, सोबत नवी नवरी लिलियन. नॉर्विच शहराजवळ छोटं घर, इंग्रजी जेमतेम आणि ब्राझीलच्या पोराला न सोसणारी थंडी. व्हॅन डिमेन कंपनीच्या टीमकडून तो फॉर्म्युला फोर्ड १६०० मध्ये उतरला. पहिल्याच महिन्यात पहिली शर्यत जिंकला आणि पहिल्याच मोसमात या गटातल्या दोन मोठ्या चॅम्पियनशिप खिशात टाकल्या.

आणि मग त्याने निवृत्ती जाहीर केली.

वडिलांची इच्छा होती की पोराने आता हा नाद सोडावा आणि घरचा धंदा बघावा. पुढच्या पायरीसाठी लागणारा पैसाही प्रायोजकांकडून मिळत नव्हता. सेन्ना ब्राझीलला परतला आणि कारखान्यात बसू लागला. पण त्याचं तिथे मन रमेना. शेवटी घरच्यांनीच माघार घेतली आणि १९८२ मध्ये तो पुन्हा इंग्लंडला आला. लिलियनसोबतचा संसार मात्र मोडला होता.

याच सुमाराला त्याने नावही बदललं. ब्राझीलमध्ये दा सिल्वा हे आडनाव म्हणजे आपल्याकडच्या पाटील-शिंदेंसारखं, दर चौथ्या घरात. ट्रॅकवर लक्षात राहायला ते उपयोगाचं नव्हतं. म्हणून त्याने आईचं माहेरचं आडनाव पुढे केलं. सेन्ना.

त्या वर्षी तो फॉर्म्युला फोर्ड २००० च्या ब्रिटिश आणि युरोपियन अशा दोन्ही चॅम्पियनशिपमध्ये एकाच वेळी खेळला आणि दोन्ही जिंकला. दोन वर्षांत चार किताब. गाडी इतरांसारखीच होती, त्यामुळे पुढे पळणारा कोण हे सगळ्यांना स्पष्ट दिसत होतं.

ब्रंडलशी झुंज

१९८३ साल फॉर्म्युला थ्रीचं. डिक बेनेट्स यांची वेस्ट सरे रेसिंग ही टीम, राल्ट कंपनीची गाडी, टोयोटाचं इंजिन. पहिल्या नऊच्या नऊ शर्यती त्याने जिंकल्या. सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर तो इतका जिंकला की इंग्लिश पत्रकारांनी ट्रॅकच्या नावातच त्याचं जुनं आडनाव घुसवलं आणि गमतीने त्याला सिल्वास्टोन म्हणू लागले.

पण मग मागून एक गडी आला. मार्टिन ब्रंडल. आज फॉर्म्युला वनच्या टीव्ही कॉमेंट्रीत ज्याचा आवाज ऐकू येतो, तोच. त्याच्याकडेही राल्ट-टोयोटाच होती आणि टीम होती एडी जॉर्डनची. ब्रंडल जिंकायला लागला तसा सेन्नाचा तोल जाऊ लागला. दुसऱ्या नंबरवर समाधान मानून गुण गोळा करणं त्याला जमेना. जागा नसताना तो घुसू लागला. औल्टन पार्कच्या शर्यतीत तर त्याची गाडी ब्रंडलच्या गाडीवर जाऊन बसली.

नऊ विजयांची आघाडी वितळत गेली आणि सगळा निकाल थ्रक्सटनच्या शेवटच्या शर्यतीवर आला. ती सेन्नाने जिंकली आणि किताबही जिंकला. महिनाभरात मकाऊ ग्रांप्रीही त्याच्या नावावर लागली. ती फॉर्म्युला थ्रीच्या गाड्यांची पहिलीच मकाऊ ग्रांप्री होती.

पुढे फॉर्म्युला वनमध्ये जो सेन्ना जगाने पाहिला, तो इथेच पूर्ण घडलेला होता. त्याचा वेग होताच. आणि हार समोर दिसली की समोरच्याला धडक बसली तरी चालेल, हा हट्टही होता.

शेवटच्या पायरीवर शेवटची गाडी

१९८३ मध्येच विल्यम्स, मॅक्लारेन, ब्रॅबहॅम आणि टोलमन या चार टीमनी त्याला आपली फॉर्म्युला वन गाडी चालवून बघायला दिली. चारही ठिकाणी लोकांनी घड्याळ बघून भुवया उंचावल्या. पण १९८४ साठी जागा मिळाली ती टोलमनमध्ये. चौघांतली सगळ्यात कमजोर टीम.

त्या वर्षी मे महिन्यात जर्मनीत नुरबर्गरिंगचा नवा ट्रॅक सुरू झाला. उद्घाटनाला मर्सिडीजने एक भन्नाट शर्यत ठेवली. सगळ्यांना मर्सिडीज १९० ई ही सारखीच गाडी आणि चालवायला जुने-नवे विश्वविजेते. निकी लाउडा, अलेन प्रॉस्ट, केके रोसबर्ग, जॅक ब्रॅबहॅम, जॉन सर्टीज असे दिग्गज. सेन्ना त्यात सगळ्यात नवखा. फॉर्म्युला वनमध्ये येऊन त्याला दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. शर्यत त्याने जिंकली, लाउडा दुसरा आला. एका शर्यतीपुरती का होईना, पानठेल्यावरच्या वादाची परीक्षाच झाली होती. जोडी सारखी, फरक धुरकऱ्याचा.

तीन आठवड्यांनी, ३ जून १९८४ ला मोनॅको. शहरातल्या अरुंद रस्त्यांवरची शर्यत, त्यात धो-धो पाऊस. अशा दिवशी जास्त ताकदीच्या इंजिनाचा उपयोग होत नाही, कारण ताकद रस्त्यावर उतरतच नाही. तेराव्या जागेवरून निघालेला सेन्ना एकेकाला मागे टाकत दुसऱ्या नंबरवर आला. पुढे होता मॅक्लारेनचा प्रॉस्ट. अर्ध्या मिनिटाहून जास्त असलेलं अंतर सात सेकंदांवर आलं. आणि तेवढ्यात पावसामुळे शर्यत थांबवली गेली. प्रॉस्ट पहिला, सेन्ना दुसरा.

याचा पुढचा किस्सा भारी आहे. शर्यत अर्ध्यावर थांबल्यामुळे गुणही अर्धेच मिळाले. प्रॉस्टला नऊऐवजी साडेचार. शर्यत पूर्ण झाली असती आणि प्रॉस्ट दुसरा आला असता, तरी त्याला सहा मिळाले असते. त्या वर्षी प्रॉस्टचं विश्वविजेतेपद लाउडासमोर हुकलं ते फक्त अर्ध्या गुणाने.

चांगल्या गाडीचा शोध

इथून पुढची सेन्नाची सगळी कारकीर्द एका शोधात गेली. सगळ्यात चांगली गाडी कुणाकडे आहे?

टोलमनसोबत करार असतानाच त्याने लोटसशी बोलणी केली. चिडून टोलमनने त्याला इटलीच्या शर्यतीत बसवून ठेवलं. १९८५ मध्ये तो लोटसला गेला आणि त्या टीमसोबतच्या दुसऱ्याच शर्यतीत, २१ एप्रिलला पोर्तुगालच्या एस्टोरिल ट्रॅकवर पहिला विजय मिळवला. पुन्हा पाऊस. दुसऱ्या क्रमांकाचा मिकेले अल्बोरेतो मिनिटभराहून जास्त मागे होता आणि बाकी सगळ्यांना त्याने एक लॅप मागे टाकलं होतं.

लोटसमध्ये तीन वर्षांत सहा विजय मिळाले, पण विश्वविजेतेपद नाही. गाडी एका लॅपपुरती वेगवान होती, वर्षभर टिकणारी नव्हती. याच काळात सेन्नाचा हिशेबी स्वभावही दिसला. लोटसला डेरेक वॉरविकला घ्यायचं होतं. टीमला दोन चांगल्या ड्रायव्हरना सारखी गाडी देणं झेपणार नाही, असं म्हणत सेन्नाने त्याला विरोध केला आणि वॉरविकची जागा गेली. खालच्या पायऱ्यांवर सारख्या गाडीत सगळ्यांना हरवणारा सेन्ना आता गाडीचं राजकारण शिकला होता.

एकाच टीममध्ये दोन राजे

१९८८ मध्ये तो मॅक्लारेनमध्ये आला. होंडाचं इंजिन, त्या काळातली सगळ्यात भारी गाडी आणि शेजारच्या गाडीत दोन वेळचा विश्वविजेता अलेन प्रॉस्ट. त्या वर्षी १६ पैकी १५ शर्यती मॅक्लारेनने जिंकल्या. सेन्नाने आठ, प्रॉस्टने सात.

म्हणजे फॉर्म्युला वनमध्येही पुन्हा तीच परीक्षा, सारखी गाडी आणि दोन माणसं. मोनॅकोच्या पात्रता फेरीत सेन्ना प्रॉस्टपेक्षा जवळपास दीड सेकंद पुढे होता. फॉर्म्युला वनमध्ये सेकंदाचा दहावा भागही मोठा असतो, त्यामुळे दीड सेकंद म्हणजे दुसऱ्या जगातली गोष्ट. पण त्याच शर्यतीत, भरपूर आघाडी असताना, संपायला थोडेच लॅप बाकी असताना त्याने गाडी भिंतीवर घातली. जिंकला प्रॉस्ट. सेन्ना तिथूनच चालत आपल्या मोनॅकोतल्या घरी निघून गेला.

वर्षाच्या शेवटी जपानच्या सुझुका ट्रॅकवर सुरुवातीलाच त्याची गाडी बंद पडता पडता राहिली. चौदाव्या नंबरवर घसरलेला सेन्ना तिथून वर आला, शर्यत जिंकला आणि पहिल्यांदा विश्वविजेता झाला.

पण निकाल इतका सोपाही नव्हता. तेव्हा वर्षातल्या सगळ्यात चांगल्या ११ शर्यतींचेच गुण मोजायचे. त्या हिशेबाने सेन्ना ९०, प्रॉस्ट ८७. सगळ्या शर्यती मोजल्या तर प्रॉस्टचे १०५ होतात आणि सेन्नाचे ९४. एका लॅपमध्ये सेन्ना वेगवान होता, वर्षभराच्या सातत्यात प्रॉस्ट. गाडी सारखी असली तरी चांगला ड्रायव्हर कुणाला म्हणायचं, याची उत्तरं दोन निघाली.

सुझुकाचा डाग

१९८९ मध्ये दोघांचं बोलणंही बंद झालं. किताबाचा निकाल पुन्हा सुझुकावर आला. सेन्नाला जिंकणं भाग होतं. शेवटच्या काही लॅपमध्ये तो आत घुसला, प्रॉस्टने वाट दिली नाही, दोघांच्या गाड्या एकमेकांत अडकल्या. प्रॉस्ट उतरून गेला. सेन्नाने गाडी पुन्हा सुरू केली आणि शर्यत जिंकली. पण वळण सोडून मधल्या रस्त्याने ट्रॅकवर आल्याबद्दल त्याला बाद ठरवलं गेलं. प्रॉस्ट विश्वविजेता झाला. वर एक लाख डॉलरचा दंड सेन्नालाच. आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष बालेस्त्र फ्रेंच, प्रॉस्टही फ्रेंच. सेन्नाने हे कधीच विसरू दिलं नाही.

१९९० मध्ये प्रॉस्ट फेरारीत गेला होता. पुन्हा सुझुका, पुन्हा किताबाची शर्यत. यावेळी प्रॉस्ट बाहेर पडला तर सेन्ना विश्वविजेता होणार होता. पहिल्या जागेवरून सुरुवात करणाऱ्याला ट्रॅकची धुळीची बाजू मिळते, ती बदलून द्या, अशी सेन्नाची मागणी होती. ती शेवटी मान्य झाली नाही. शर्यत सुटली, प्रॉस्ट पुढे निघाला आणि पहिल्याच वळणावर सेन्नाने ब्रेक न लावता त्याला धडक दिली. दोघेही बाहेर. सेन्ना दुसऱ्यांदा विश्वविजेता.

वर्षभर तो हा अपघात म्हणत राहिला. १९९१ मध्ये तिसरा किताब जिंकल्यावर त्याने कबूल केलं की धडक ठरवून दिली होती.

सेन्नाचे चाहते हे प्रकरण पटकन पुढे ढकलतात. पण जवळपास अडीचशे किलोमीटरच्या वेगात मुद्दाम दिलेली धडक दोघांचाही जीव घेऊ शकली असती. औल्टन पार्कला ब्रंडलवर चढलेला पोरगा तोच होता. फक्त गाडीचा वेग वाढला होता आणि डाव मोठा झाला होता.

त्याच माणसाची दुसरी बाजूही ट्रॅकवरच दिसली. १९९२ मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर सराव चालू असताना फ्रेंच ड्रायव्हर एरिक कोमासचा मोठा अपघात झाला. तो गाडीत बेशुद्ध, इंजिन तसंच चालू. मागून येणाऱ्या सेन्नाने आपली गाडी थांबवली, इतर गाड्या वेगात येत असताना ट्रॅकवर धावत गेला, इंजिन बंद केलं आणि डॉक्टर येईपर्यंत कोमासचं डोकं धरून थांबला.

ब्राझीलचा आपला माणूस

१९८५ पर्यंत ब्राझीलमध्ये लष्कराची राजवट होती. ती गेली तर महागाईने कहर केला. अशा दिवसांत दर दुसऱ्या रविवारी टीव्हीवर एक माणूस जिंकायचा आणि गाडीतून देशाचा झेंडा फडकवत फिरायचा.

पण घरच्या मैदानावर त्याला विजय मिळत नव्हता. तो मिळाला २४ मार्च १९९१ ला, साओ पावलोच्या इंटरलागोसवर, जिथे तेराव्या वर्षी त्याने कार्टची पहिली शर्यत केली होती. शेवटच्या काही लॅपमध्ये गिअरबॉक्सने दगा दिला आणि फक्त सहावा गिअर उरला. त्यात पाऊस. सहाव्या गिअरवर हळू वळण घेणं म्हणजे भरलेली बैलगाडी एकट्याने अडवून धरण्यासारखं. तीन सेकंदांपेक्षा कमी फरकाने तो जिंकला. खांदे इतके आखडले होते की त्याला गाडीतून उतरवावं लागलं आणि चषकही कसाबसा उचलता आला.

पाहिजे होती ती गाडी

१९९२ पासून चित्र बदललं. विल्यम्सची गाडी इलेक्ट्रॉनिक्सच्या जोरावर सगळ्यांच्या खूप पुढे गेली. मॅन्सेल सहज विश्वविजेता झाला. सेन्नाला विल्यम्समध्ये जायचं होतं, फुकट चालवायचीही तयारी त्याने जाहीरपणे दाखवली. पण १९९३ ची जागा प्रॉस्टने घेतली होती आणि सेन्ना शेजारी नको, अशी अटच त्याने करारात घालून घेतली होती.

म्हणून १९९३ मध्ये कमी ताकदीच्या फोर्ड इंजिनाची मॅक्लारेन. आणि त्याच गाडीत सेन्नाने ११ एप्रिलला इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनला तो लॅप केला, ज्याची रील सगळ्यात जास्त फिरते. ओला ट्रॅक. पहिल्या वळणापाशी तो पाचवा होता. शूमाकर, वेंडलिंगर, हिल आणि प्रॉस्ट, चौघांना मागे टाकून पहिला लॅप संपताना तो पहिला होता. समोर दोन विल्यम्स होत्या, तरीही.

वर्षाच्या शेवटी ॲडलेडला तो ४१ वी आणि शेवटची शर्यत जिंकला. निवृत्त होणाऱ्या प्रॉस्टला त्याने हाताला धरून विजेत्याच्या पायरीवर ओढून घेतलं. भांडण तिथे मिटलं.

१९९४ मध्ये अखेर विल्यम्स मिळाली. आणि नेमकं त्याच वर्षी नियम बदलून ड्रायव्हरच्या मदतीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा काढून टाकली गेली. तिच्याशिवाय गाडी अस्थिर झाली. पहिल्या दोन शर्यतींत सेन्नाला एकही गुण मिळाला नाही, तरुण शूमाकरने वीस मिळवले.

तिसरी शर्यत इटलीत, इमोलाला. शुक्रवारी ब्राझीलचा रुबेन्स बारिकेलो भयानक अपघातातून वाचला. शनिवारी, ३० एप्रिलला, ऑस्ट्रियाचा नवा ड्रायव्हर रोलंड रॅट्झनबर्गर पात्रता फेरीत गेला. सेन्ना अपघाताच्या जागी गेला होता. तो हादरलेला पाहून शर्यतीचे डॉक्टर सिड वॉटकिन्स यांनी त्याला हे सगळं सोडून दे असं सुचवलं. त्याने नाही म्हटलं. रविवारी सकाळी इतर ड्रायव्हरशी बोलून सुरक्षेसाठी ड्रायव्हरांची संघटना पुन्हा उभी करायची असं त्याने ठरवलं.

१ मे १९९४. सातव्या लॅपला टॅम्बुरेलो नावाच्या वेगवान वळणावर पहिल्या नंबरवरची त्याची गाडी वळलीच नाही, सरळ काँक्रीटच्या भिंतीवर गेली. सस्पेन्शनचा एक तुकडा हेल्मेटवर आदळला. संध्याकाळी बोलोन्याच्या हॉस्पिटलमध्ये त्याला मृत घोषित केलं गेलं. वय ३४. गाडीत ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला. जिंकल्यावर तो रॅट्झनबर्गरसाठी फडकवणार होता, असं मानलं जातं.

इटलीत खटला वर्षानुवर्षं चालला. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टीअरिंगचा बदललेला दांडा तुटणं हे अपघाताचं कारण धरलं, पण मुदत उलटून गेल्यामुळे शिक्षा कुणालाच झाली नाही.

त्यानंतर काय बदललं?

ब्राझीलने तीन दिवसांचा दुखवटा पाळला. साओ पावलोच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले. खांदा देणाऱ्यांत प्रॉस्ट होता. त्याच वर्षी बहीण विवियाने हिने आयर्टन सेन्ना संस्था सुरू केली. ती गरीब मुलांच्या शिक्षणासाठी काम करते.

१६१ शर्यती, ४१ विजय, ६५ वेळा पहिल्या जागेवरून सुरुवात, तीन विश्वविजेतेपदं आणि मोनॅकोत सहा विजय. ६५ चा विक्रम २००६ पर्यंत टिकला, मग शूमाकरने मोडला.

त्याची शिडी आजही तशीच आहे, फक्त नावं बदलली. नारायण कार्तिकेयन त्याच इंग्लंडच्या वाटेने २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोहोचणारा पहिला भारतीय ठरला. करुण चंढोक २०१० मध्ये उतरला तेव्हा त्याच्या टीममधला जोडीदार होता ब्रुनो सेन्ना, आयर्टनचा भाचा. मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टू पर्यंत गेला. प्रत्येक पायरीवर कोटींचा खर्च असतो, त्यामुळे वेगवान असूनही मधेच उतरणारे खूप. कारखानदाराचा मुलगा असून सेन्नाही १९८१ मध्ये उतरलाच होता.

आणि गाडी? तिच्यावर सगळ्यात जास्त काम झालं. इमोलानंतर ड्रायव्हरांची संघटना पुन्हा उभी राहिली. कॉकपिटच्या कडा उंच झाल्या, चाक तुटून उडू नये म्हणून दोर आले, मान वाचवणारं उपकरण सक्तीचं झालं, २०१८ मध्ये डोक्यावर हेलो नावाची कमान आली. सेन्नानंतर पुढची वीस वर्षं फॉर्म्युला वनच्या शर्यतीत एकाही ड्रायव्हरचा जीव घेणारा अपघात झाला नाही. ती साखळी तुटली २०१४ मध्ये, ज्युल्स बियांकीच्या सुझुकातल्या अपघाताने. २०२० मध्ये बहारीनला रोमां ग्रोजांची गाडी दोन तुकडे होऊन पेटली आणि तो स्वतःच्या पायांनी ज्वाळांतून बाहेर आला.

इमोलाचं टॅम्बुरेलो वळण १९९५ मध्येच बदललं गेलं. पूर्वी तिथे पूर्ण वेगात जायचं. आता प्रत्येकाला ब्रेक लावावा लागतो, गाडी कितीही भारी असो आणि गडी कितीही वेगवान असो.